हळदीकुंकवाचा नकाशा

वेल्हे,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय मामू,
सलाम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असाल. पुढची बातमी वाचलीत की राग विसराल. तुमची भाची पंचायत समितीच्या निवडणुकीला उभी राहतेय. हसून झालं असेल तर पुढं वाचा.

झालं असं, की आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, या खेपेला बायकांसाठी राखीव निघाला. सोडत निघाली त्याच दिवशी संध्याकाळी पुढारी मंडळी आमच्या बेकरीत हजर. फरहान भट्टीसमोर, कोपरापर्यंत पीठ. त्याला म्हणाले, वहिनींना उभं करा, त्यांनी फक्त सही करायची, बाकीचं तुम्ही-आम्ही बघू. तुमचा जावई तुम्हाला ठाऊक आहे. चार माणसांत कुणी नाव विचारलं तरी त्याचे कान लाल होतात. पाव काढायचं निमित्त करून तो मागच्या दारानं गेला तो आलाच नाही. मंडळी खारी खात वाट बघत बसली. शेवटी गल्ल्यावरून मीच म्हटलं, उभी राहते, पण सही माझी आणि बघणारीही मीच. त्यांना वाटलं थट्टा करतेय. चहा पिऊन हसत हसत गेले.

थट्टा नाही, मामू. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कामासाठी मी पासलीच्या वरच्या वाड्यांची मोजणी केली होती, आठवतं? वाड्यांच्याही वर, रानाच्या कडेला एक बारमाही झरा आहे. वाट कड्याची, हंडा घेऊन काही तिथून उतरता येत नाही. म्हणून बाया उलट खाली ओढ्याला जातात आणि भरले हंडे घेऊन डोंगर चढतात. झऱ्यापासून नुसता नळ टाकला तर मोटर नको की वीज नको, पाणी आपल्या पायांनी दारात येईल. सगळं मोजून, मांडून दिलं मी. तो आराखडा पंचायत समितीच्या ऑफिसात कपाटात पडून आहे. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, बाई, सभेत एखाद्या सदस्यानं विषय मांडला तरच पुढं सरकेल. आणि सदस्य कशाला मांडतोय? वरच्या वाड्यांत मतं ती किती!

तेव्हा म्हटलं, आपणच सदस्य व्हावं. मला दुसरं काही नको. त्या वाड्यांना पाणी मिळालं की मी परत माझे पानशेतचे बंगले बांधायला मोकळी.

आता अडचण ऐका. गवंड्यांशी मला बोलता येतं, मतदारांशी येत नाही. तुम्ही सांगायचात, तुमचे लांगेसाहेब इंजिनियर होते आणि लढाईनंतर तिकडच्या राज्याच्या विधानसभेत गेले. इंजिनियर माणसानं लोकांशी बोलावं कसं, ते जरा त्यांना विचारून कळवा. ते हयात नसतील तर तुम्हीच आठवून लिहा.

अम्मी भोरहून निरोप पाठवते की पोरीला एवढं शिकवलं ते दारोदार मतं मागायला नव्हे. तुम्ही तिला समजवा. तुमचं ती ऐकते.

तुमची
नुजहत

---

जर्मनी,
२९ नोव्हेंबर १९९६

नुजू बेटा,
खूप खूप दुवा.

तुझं पत्र वाचून असा हसलो की खालच्या मजल्यावरची म्हातारी काठी टेकत वर आली, मला काही झालं तर नाही ना बघायला. तिला सांगितलं, माझी भाची राजकारणात पडली. ती म्हणाली, मग हसताय काय, रडा. पण मी तर जाम खूश आहे. तुझ्या अम्मीला वेगळं पत्र टाकलंय. लहानपणी भोरच्या बाजारात भाव करताना ती अख्खी गल्ली जमवायची, तेव्हा तिनं गप्प बसावं.

लांगेसाहेब जाऊन आता वीस वर्षं होतील. त्यांचं सांगतो. मी पंचावन्न साली इथं शिकाऊ म्हणून आलो तेव्हा लढाई संपून दहा वर्षं झाली होती, तरी गावात निम्म्या जागी विटांचे ढीगच. नदीवरचा पूल लढाईत पडलेला. लोक होडीनं जायचे-यायचे, पोरं शाळेला, बाया बाजाराला. साहेब पुलाचे इंजिनियर. पूल बांधताना सिमेंटसाठी, लोखंडासाठी रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत भांडण. शेवटी कुणीतरी त्यांना म्हणालं, भांडायचंच तर वरच्या सभेत जाऊन भांडा ना. गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्याकडं लागलो तेव्हा ते निवडून येऊन बसले होते. पहिली निवडणूक कशी झाली ते मोठं लांबण आहे, पुन्हा कधीतरी लिहीन.

मी त्यांची गाडी चालवायचो. भाषण म्हणशील तर साहेब असं करायचे, जणू सिमेंटच्या पोत्यावरचं छापील वाचतायत. ते त्यांना स्वतःलाही माहीत होतं. म्हणून ते भाषण करतच नसत. खाणावळीत जायचे, टेबलावर नकाशा पसरायचे, समोरच्याच्या हातात पेन्सिल द्यायचे. तू राहतोस कुठं, कामाला जातोस कुठून, अडतं कुठं, ते यावर काढ. बस. मग तासभर माणूसच बोलायचा आणि साहेब ऐकायचे. मला म्हणायचे, नूरुद्दीन, हात नकाशावर पडला की माणूस खोटं बोलत नाही.

तू बोलू नकोस, नुजू. नकाशा पसर आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, पण प्रयत्न कर.

फरहानला म्हणावं, मागचं दार बंद करून घे.

तुझा मामू
नूरुद्दीन

---

वेल्हे,
२२ जानेवारी १९९७

प्रिय मामू,
सलाम.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी एक सभा करून बसले होते, म्हणून आधी फजिती ऐका. वेल्ह्याच्या चौकात मंडप. मी लोकांना उतार समजावला, नळाची जाडी समजावली, पाण्याचा दाब समजावला. पुढच्या ओळीतले एक आजोबा असे गाढ झोपले की त्यांचं घोरणं लाउडस्पीकरवर ऐकू यायला लागलं. सभा संपली, हार आला आणि माझ्यासमोरून जाऊन सरळ फरहानच्या गळ्यात पडला. दोन शब्द बोला म्हणाले. तो उठला, "उद्या बेकरी चालू आहे," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पडल्या.

मग तुमचं पत्र आलं आणि पुढं जानेवारीत पासलीच्या वरच्या वाडीतल्या धोंडाबाईंचा निरोप. मोजणीच्या वेळी महिनाभर मी त्यांच्याच ओसरीवर भाकरी खाल्ली होती. त्यांनी कळवलं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय, वरच्या वाड्यांच्या समद्या बाया येणार हायेत, तू पण ये. मी गेले, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन. धोंडाबाईंची हळदीकुंकवाची बोटं माझ्यापाशी येऊन जरा थांबली. मग त्यांनी माझ्या केसांत गजरा माळला, तिळगूळ दिला, ओटीत गाजरं-बोरं घातली. झालं, मी त्यांच्यातली.

घोंगडीवर नकाशा पसरला. बाया भोवती बसल्या. पण बघते तर काय, पासली होती, ओढा होता, तोरणा होता, वरच्या वाड्या मात्र नव्हत्याच. मी म्हटलं, तुमची घरं तुम्हीच दाखवा, आणि पेन्सिल पुढं केली. एकीनंही हात लावला नाही. सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धोंडाबाई म्हणाल्या, "बाये, आमच्या हातात पेन्शील बसत न्हाई. थांब." करंड्यात बोट बुडवलं, ओढ्यापासून डोंगराच्या अंगानं नीट हिशेबानं वर नेलं आणि टेकवलं. "हितं माजं घर."

मग काय, रांगच लागली. प्रत्येकीचं कुंकवाचं बोट घरावर. मला एकदम सुचलं, पाणी कुठून आणता तिथं हळदीचं बोट लावा. तर ती सगळी पिवळी बोटं खाली ओढ्याकाठी दाटीनं. लाल वर, पिवळी खाली आणि मधे नुसता डोंगर. मी गप्प बसले होते, मामू, शपथ. बायाच आपसात बोलायला लागल्या, कुणाचा पाय कुठं घसरला, कुणाचे दिवस भरत आले असताना कुणी तिचा हंडा उचलला. तुमच्या साहेबांचं खरं आहे. एकही बाई खोटं बोलली नाही.

आणि ऐका, माझ्या विरोधात ज्या उभ्या आहेत त्या सगुणाबाईही तिथं आल्या होत्या! त्यांचा नवरा गेनबा. खडी-मुरमाचा टेम्पो आहे, तालुक्यात वजन आहे, चालताना आधी त्याची मिशी येते. तो असतो वेल्ह्यात आणि घर वरच्या वाडीत. कोण कोण जमतंय ते बघायला त्यानंच बायकोला धाडलं असणार. सगुणाबाई बराच वेळ दाराशी टेकून उभ्या होत्या. मग आल्या, बसल्या, एक लाल बोट लावलं, एक पिवळं लावलं. सगळ्यांत लांबचं अंतर त्यांचंच. नवऱ्याच्या दारात टेम्पो आणि हिच्या डोक्यावर हंडा.

नकाशावर तेलकट कुंकू होतं, वाळेना. फरहाननं तो भट्टीजवळच्या भिंतीवर टांगलाय. येईल त्याला कौतुकानं दाखवतो. माणसांशी बोलायला त्याला पहिल्यांदाच काहीतरी सापडलंय.

तुमची
नुजहत

---

जर्मनी,
६ फेब्रुवारी १९९७

नुजू बेटा,

वाहवा! लांगेसाहेबांच्या नकाशाला बिअरचा वास यायचा, तुझ्या नकाशाला हळदीचा येतो, फरक एवढाच. तुझं पत्र मी खालच्या म्हातारीला अर्थ सांगून वाचून दाखवलं. ती म्हणते, ही पोरगी निवडून आलीच म्हणून समजा.

मलाही तेच वाटतं. ज्या बाईनं स्वतःच्या बोटानं नकाशावर घर दाखवलं ती तुला सोडून कुणाला मत देणार आहे? विरोधी उमेदवारानंसुद्धा बोट लावलं म्हणजे कमालच. तेव्हा आगाऊ मुबारकबाद घे. इथल्या दुकानातून तुझ्यासाठी एक चांगली पेनपेटी घेऊन ठेवलीय, सदस्यबाईंना सह्या करायला. पोस्टानं पाठवतोय.

आता निवांत रहा, काळजी सोड. आमचा आडाखा कधी चुकलेला नाही.

तुझा मामू

---

वेल्हे,
४ मार्च १९९७

प्रिय मामू,
सलाम.

पेनपेटी काल पोचली आणि निकाल परवा लागला. मी पडले. सगुणाबाई आल्या. थोडक्यात पडले असते तर एक वेळ बरं वाटलं असतं, पण चांगली दणकून आपटले.

कशी ते ऐका. मला अजून रडावं की हसावं कळत नाही. मतदानाच्या पंधरवडाभर आधी गेनबा बेकरीत खारी घ्यायला आला. भिंतीवरचा नकाशा बघितला. हे लाल कसलं म्हणून विचारलं. आमचे फरहानमियाँ, जन्मात कधी बोलत नाहीत, त्या दिवशी फुशारकीनं म्हणाले की या सगळ्या बायांनी स्वतःच्या हातानं लावलंय. गेनबाचा चेहरा पडला. आमच्याकडं पुढारी लोक गावाच्या यादीवर खुणा करतात, हे घर आपलं, ते घर त्यांचं. त्याला वाटलं, ही सगळी माझी ठरलेली मतं! त्यात त्याला स्वतःच्या घरावरही लाल ठिपका दिसला. खारी तिथंच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस पिसाटल्यासारखा डोंगरात फिरायला लागला. ज्या वाड्यांत मतं मागायला आजवर कुठलाच पुढारी गेला नव्हता तिथं हा रोज. एकेका ठिपक्याचं घर हुडकून काढलं. दारात जाऊन हात जोडायचा, आमचं काय चुकलं म्हणायचा. बाया काय सांगणार? पाणी. सगळीकडं तेच. मग त्यानं शपथेवर पाणी कबूल केलं. एकदा तर एका म्हातारीचा भरला हंडा स्वतः खांद्यावर घेऊन चढला, निम्म्यात बसला, पण चढला. धोंडाबाई सांगत होत्या, एवढा मोठा माणूस घामानं भिजलेला बघून बाया विरघळल्या. मी मोजणीला महिनाभर चढत होते, पण मी काय, पोटासाठी चढत होते. तो आपणहून आला.

खालची मतं आधीच त्याची होती, माझी भिस्त वरच्यांवर; तर माझ्याच नकाशानं त्याला वाट दाखवली आणि त्याच वाटेनं त्यानं बायकोला निवडून आणलं. फरहान दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नाहीये. काल त्यानं दुकानात आलेल्या सगळ्यांना नानखटाई फुकट वाटली. लोकांना वाटलं आम्हीच जिंकलो.

हसून लिहितेय, पण मामू, आतून फार वाईट वाटतंय. हरल्याचं नाही हो. आराखडा कपाटातच राहिला याचं. गेनबाला पाण्याचं काही पडलेलं नाही, त्याला ठिपके पुसायचे होते, ते त्यानं पुसले. सगुणाबाई सह्या करतील, तो मागं बसून सांगेल, आणि उन्हाळ्यात बाया उतरतीलच ओढ्याला. आता कुठल्या तोंडानं वर वाडीत जाऊ?

तुमचा आडाखा आजवर चुकला नव्हता म्हणता, तो आज चुकला.

तुमची
नुजहत

---

जर्मनी,
१८ मार्च १९९७

नुजू बेटा,

पेनपेटीचं वाईट वाटून घेऊ नकोस. पेन आहे, कशालाही चालतं.

आता तुला ते लांबण सांगतो, जे पहिल्या पत्रात मुद्दाम गाळलं होतं. सांगितलं असतं तर तू कच खाल्ली असतीस, म्हणून गाळलं. लांगेसाहेब पहिली निवडणूक हरले होते. कुणाकडून? गावातल्या खाटकाकडून. सगळं गाव त्याच्याकडून मटण घ्यायचं, सणाला तो हात सैल सोडून वजन करायचा. पूल साहेबांनी उभा केला आणि निवडून आला खाटीक.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नकाशा काखेत मारून त्याच्या दुकानात गेले. रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्याला म्हणाले, नदीच्या वरच्या अंगाला दुसरा पूल लागणार आहे, तुम्हाला सभेत त्याबद्दल बोलावं लागेल, तेव्हा आधी समजून घ्या. मटण कापायच्या ठोकळ्यावर नकाशा पसरला. पुढची चार वर्षं खाटीक सभेत पुलाबद्दल बोलत राहिला आणि साहेब त्याला शिकवत राहिले. मी एकदा विचारलं, तुम्हाला कमीपणा नाही वाटला? म्हणाले, वाटला की. पण वरच्या अंगाला अजून होडीतून शाळेला जाणाऱ्या पोरांना माझ्या कमीपणाशी काय करायचंय?

तू जिंकलीस की हरलीस याचं मला फारसं काही नाही. पण तू घरात रुसून बसलीस तर मात्र मला आवडणार नाही. चप्पल घाल आणि सगुणाबाईंकडं जा.

फरहानला माझ्याकडून सांग, बोललास ते बरं केलंस. ज्याला गुपित ठेवता येत नाही तो नवरा चांगला असतो.

तुझा मामू

---

वेल्हे,
२० सप्टेंबर १९९७

प्रिय मामू,
सलाम.

सहा महिने पत्र नाही, कारण सांगायला तोंड नव्हतं. तुमचं पत्र वाचलं, घडी करून गल्ल्यात ठेवलं आणि गेले नाही. रोज म्हणायची, उद्या जाईन. अहंकार, मामू, दुसरं काय.

शेवटी सगुणाबाईच आल्या. जूनच्या सुरुवातीला, एसटीनं, एकट्या. बेकरीच्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. मग सरळ म्हणाल्या, नवऱ्यानं समद्या वाड्यांना पानी कबूल केलंय आणि आता तो म्हणतो की निवडणुकीत असं म्हणावंच लागतं. पण ओढ्यावर बाया मला भेटतात, त्याला नाही. हंडा भरता भरता इचारतात, सदस्यबाई, कुठाय पानी? मला खाली बघावं लागतं. "तुमी मला शिकवा. पानी डोंगरावनं कसं आणायचं ते म्या सभंत सांगन. पर आधी मला समजाया पायजे."

मामू, मी तीन महिने रुसून बसले होते आणि ही बाई जिंकूनही माझ्या पायरीवर येऊन बसली होती.

बेकरीच्या मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी. गवंडी लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात ना, भिंतीची पातळी बघायला, ती आणली. एक टोक शिडीवर सगुणाबाईंच्या हातात, दुसरं खाली माझ्या. त्यांनी टोक वर नेलं की माझ्याकडून पाणी उडायचं. पहिल्या दिवशी मी नखशिखान्त भिजले आणि त्या शिडीवर हसून हसून लोळायच्या बेतात. फरहाननं शिडी धरली म्हणून निभावलं. पण तिसऱ्या बाजाराला बाईंनी मलाच समजावलं, झरा वाड्यांच्या वर हाय, म्हंजी आपल्याला पानी चढवायचंच न्हाई, नुसतं उतरू द्यायचंय. मी म्हटलं, झालं, तुम्ही पास.

परवा सभा होती. मला आराखड्यासह बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, दार उघडंच होतं. सदस्यबाया पुढं, त्यांचे नवरे मागच्या खुर्च्यांवर. सगुणाबाई उठल्या, पदर खोचला आणि झऱ्याचं सगळं सांगितलं. कुठं टाकी, कुठून नळ, कुठल्या वाडीला आधी. एक शब्द चुकला नाही. ऐकून झाल्यावर अधिकाऱ्यांनी सवयीनं मागं बघितलं, गेनबाकडं. यांचं म्हणणं काय, अशा नजरेनं.

सगुणाबाई म्हणाल्या, "सायेब, तिकडं नगा बगू. त्यांनी जन्मात येकदा पानी आणलंय, मतं मागायच्या टायमाला. रोज म्या आणते."

गेनबानं मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर तंबाखू मळायला गेला. माझ्याकडं न बघता माझ्याच बाकावर बसला. चिमूट तोंडात टाकून म्हणाला, लई बोलाया लागली आमची. पण मामू, त्याच्या आवाजात राग कमी आणि नवलच जास्त होतं.

विषय मंजूर झाला. देखरेखीला मी जाणार आहे. उद्याच धोंडाबाईंकडं निघतेय, तोंड दाखवायला.

तुमची
नुजहत

---

वेल्हे,
१० मार्च २००२

प्रिय मामू,
सलाम.

फोनवर तुम्हाला निकाल कळला, पण लाइन कटली आणि खरी गंमत राहूनच गेली. आता फोन असला तरी गंमत पत्रातच लिहावी. शिवाय अम्मी म्हणते, मामूला सगळं नीट लिहून कळव. हीच ती अम्मी, जी या खेपेला भोरहून येऊन पंधरा दिवस दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात भाव केल्यासारखं बोलली.

वरच्या वाड्यांना पाणी येऊन तीन वर्षं होत आली, ते तुम्ही फोटोत बघितलंत. तेव्हा मी म्हटलं होतं, आपलं काम संपलं. कसलं संपतंय. खालच्या वाडीच्या बाया आल्या, आम्ही काय पाप केलंय म्हणून. मग त्यांचा झरा शोधायला गेले. मग शाळेची वाट, मग ओढ्यावरचा साकव. सभेत बोलायच्या सगुणाबाई, अंगणात मांडणी व्हायची माझी. पाच वर्षं कशी गेली समजलं नाही.

या वर्षी आमचा गण खुला झाला, बायकांचं आरक्षण उठलं. गेनबानं लगेच पांढरे कपडे शिवायला टाकले. पाच वर्षं बायकोनं जागा धरून ठेवली, आता आपण बसायचं, इतका साधा हिशेब. पार्टीनंही त्याचंच नाव धरलं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सगुणाबाई बेकरीत आल्या आणि मला म्हणाल्या, अर्ज भरा. मी नको म्हटलं. म्हटलं, तुम्हीच उभ्या रहा, मी मागं आहेच. त्या म्हणाल्या की नवऱ्याच्या विरोधात स्वतः उभी राहिले तर लोक म्हणतील नवरा-बायकोचं भांडण, आणि पाण्याचं, साकवाचं कुणी बोलणारच नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर कामाचं बोलतील.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत ही गर्दी. एका दारानं गेनबा कडक इस्त्रीत, मागं टेम्पोभर माणसं. दुसऱ्या दारानं मी, फरहान, अम्मी आणि सगुणाबाई. माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला सगुणाबाई पुढं झाल्या. तहसीलदारसाहेबांनी नाव वाचलं, पलीकडं उभ्या गेनबाकडं बघितलं, परत अर्ज बघितला. म्हणाले, बाई, तुमचे यजमान स्वतः उमेदवार आहेत. तुमची काही चूक तर होत नाही ना?

"न्हाई सायेब," सगुणाबाई म्हणाल्या. "घरात म्या त्यांची. हितं बाईंची."

गेनबा लालेलाल झाला. मला वाटलं आता इथंच काहीतरी होतंय. पण त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि सगुणाबाईंनी त्याच्या नव्या सदऱ्याची वर-खाली लागलेली बटणं तिथल्या तिथं सरळ करून दिली. संध्याकाळी दोघं एकाच टेम्पोनं घरी गेली. महिनाभर तो त्याचा प्रचार करायचा, ही माझा करायची आणि रात्रीची भाकरी एका चुलीवर. धोंडाबाई म्हणतात, असं भांडण आजवर तालुक्यात झालं नाही.

निकाल तुम्हाला कळलाच आहे. फरहान रडला, अम्मी रडली, मी काही रडले नाही. गेनबाला लोक चिडवायला गेले तर म्हणाला, मला बाहेरच्यानं पाडलं असतं तर वाईट वाटलं असतं. मग मुबारकबाद द्यायला बेकरीत आला. खारी घेतली आणि या खेपेला बरोबर घेऊन गेला.

सगळे पांगल्यावर सगुणाबाई राहिल्या. पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी टेकले आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, मला भीती वाटतेय. आराखडे काढणं वेगळं, त्या खुर्चीवर बसून सगळ्यांसमोर भांडणं वेगळं. पाच वर्षं तुम्ही बोललात, मी दारापलीकडून ऐकलं. उद्या उठून उभी राहिले आणि शब्दच फुटला नाही तर?

सगुणाबाईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला बाई म्हणूनच हाक मारलीय, कायम अहो-जाहो. त्या म्हणाल्या,

"नुजहत, पैल्या सभंला म्या मागच्या खुर्चीत बसणार हाय. तू बोलली न्हाईस, तर हात धरून उठवीन."

तेव्हा मात्र मी रडले, मामू. सभा येत्या सोमवारी आहे.

तुमची
नुजहत